लाल पट्टा

आत्याने मक्याच्या बादलीवर पळी आपटली, तशी लाल पट्टा घातलेली हरिणी झाडांतून बाहेर आली. खोपटाच्या खिडकीत बंदूक रोखून बसलेल्या भाच्याने थोडी वाट पाहिली. तिच्यामागून नेहमी कळप यायचा. आज कुणी आलं नाही.

"संपली सगळी," बाहेर येत तो म्हणाला. "ही एकच राहिली."

त्याच्या आजोबांनी, म्हणजे आत्याच्या वडिलांनी, इथला शेवटचा लांडगा मारला तेव्हा लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं. पुढे हरणं मोकाट वाढली आणि त्यांनी जंगलाचा फडशा पाडला. खाली गुडघ्याएवढं रोप दिसेल तर शपथ. झुडपं गेली, झुडपांतले पक्षी गेले, उरली ती म्हातारी झाडं आणि उघडी माती. आजोबांचं कौतुक आता नातू निस्तरत होता.

हरिणी माणसाळलेली. तिच्या भरवशावर बाकीची यायची आणि पडायची. ती त्यांच्यामध्ये उभी राहून निवांत मका खायची. आत्याला ते बघवत नसे, तरी ती रोज बादली वाजवायची. ही हरिणी पाडस असताना भाच्यानेच आणून दिली होती आणि आत्याने तिला बाटलीने वाढवलं होतं. गळ्यात पट्टा असेल तोवर तिच्यावर गोळी झाडणार नाही, असा त्याने शब्द दिला होता.

"पट्टा काढ, आत्या."

"शब्द दिला होतास तू."

"म्हणून तर तुला काढायला सांगतोय. गाभण आहे ती. एक ठेवली की पुन्हा तेच सगळं."

"मी बांधून ठेवीन घरी."

"काढ."

आत्याने हात पुढे केला. हरिणीने मान खाली घातली; खाजवून घ्यायची तिची जुनी सवय. बक्कल लवकर निघेना, तरी ती हलली नाही.

भाचा तसा मनाने चांगला. आत्या घरात जाईपर्यंत तो थांबला.

दुसऱ्या दिवशी तो आला तो काखेत पाडस घेऊन.

"डोंगरापलीकडच्या हरणांचं काम मिळालंय. हे वाटेत सापडलं बिचारं. आई कुठे गेली कोण जाणे."

पाडसाच्या पाठीवर रक्त सुकलं होतं. आत्याने बोटांनी चाचपून पाहिलं, जखम कुठेच नव्हती. पहिल्या पाडसाच्या पाठीवरही असंच रक्त होतं. तेव्हा तिने ते कोमट पाण्याने पुसून काढलं होतं आणि काही विचारलं नव्हतं.

"दूध आहे ना घरात?" भाच्याने विचारलं.

आत्याने दूध तापत ठेवलं. मग खुंटीवरचा पट्टा काढला आणि त्याला आणखी आत एक भोक पाडायला ती टोचा शोधू लागली.