सालईटेकडीची शीर

अनिरुद्ध गायकवाडांनी कापडी पिशवीतून दगड काढला आणि बाळ करंदीकरांच्या चष्म्याशेजारी, आवाज होणार नाही अशा बेताने टीपॉयवर ठेवला. मनगटाएवढा जाड, वीतभर लांब. ड्रिलने जमिनीच्या पोटातून कापून आणलेला तो गुळगुळीत दांडा होता.

"हे काय?" करंदीकरांनी विचारले.

"सालईटेकडी, सर. ओढ्याच्या बाजूने घेतलेल्या बोअरमधला. आमचा प्रज्ञेश, माझा पुतण्या, तिथे आता पुन्हा तांबं शोधणाऱ्या नव्या कंपनीत आहे. त्याने पाठवला."

कसबा पेठेतल्या त्या तिसऱ्या मजल्यावर तांबट आळीतले ठोके स्वच्छ ऐकू येत होते. श्यामलाबाईंनी टीपॉयवरच्या तांब्यातले उरलेसुरले पाणी भांड्यात ओतून पाहुण्यांपुढे केले आणि त्या चहा टाकायला आत गेल्या. जिने चढून घसा कोरडा पडला होता. गायकवाडांनी भांडे एका दमात रिकामे केले.

सालईटेकडी विदर्भाच्या पार टोकाला, जंगलात. तीसएक वर्षांपूर्वी तिथे तांब्याचा शोध चालला होता, तेव्हा करंदीकर तळाचे प्रमुख होते आणि गायकवाड नव्याने रुजू झालेले भूवैज्ञानिक. उतारावर खणलेल्या चरात तांब्याची शीर टेकडीच्या पोटाकडे झुकलेली दिसली, म्हणून करंदीकरांनी ड्रिलचे यंत्र वर, माथ्यावर चढवले. गायकवाडांनी हरकत घेतली. उताराची माती शतकानुशतके खाली सरकत असते आणि जाताना शिरेचे तोंड आपल्याबरोबर वाकवते. तोंडावरून अंगाची परीक्षा करू नये. खोलवर शीर नेमकी उलट, ओढ्याकडे झुकलेली असणार. यंत्र खाली न्यावे. करंदीकरांनी त्यांचे सगळे ऐकून घेतले आणि यंत्रावरच्या माणसांदेखत उत्तर दिले:

"दगड वाचायला नजर लागते, अनिरुद्ध. ती सवलतीत मिळत नाही."

माणसे हसली. माथ्यावरून घेतलेले बोअर एकामागून एक वांझ निघाले, तळ उठला, चर जंगलाने बुजवले. ते वाक्य मात्र कशानेच बुजले नाही. गायकवाड पुढे बढत्या घेत गेले, निवृत्तही झाले. पण दाढी करताना, बसची वाट पाहताना, कोणाच्या लग्नात अक्षता टाकताना ते त्या वाक्याला उत्तर देत राहिले. आज ते उत्तर पिशवीत घालून आणले होते.

"म्हणजे शीर ओढ्याकडेच झुकली होती तर," करंदीकर म्हणाले.

"हो."

"तू बरोबर होतास. माझं चुकलं." ते इतक्या सहज म्हणाले, की गायकवाडांची बोटे पिशवीच्या बंदातच अडकून राहिली. "खाण होणार का मग?"

"नाही. शीर जेमतेम हातभर जाड आहे. कंपनी गाशा गुंडाळतेय."

"अरे, मग एवढ्या उन्हात जिने चढून आलास कशाला? फोनवर सांगितलं असतंस तरी चुकलो असतो मी." करंदीकर स्वतःच्या विनोदावर हलकेच हसले.

"शिरेसाठी आलो नाही, सर. तुम्ही तेव्हा माणसांदेखत एक वाक्य बोलला होतात. ते परत घ्या, एवढंच म्हणायला आलो." गायकवाडांनी ते वाक्य उच्चारले. शब्द इकडचा तिकडे होऊ दिला नाही.

करंदीकरांनी कपाळाला आठ्या घालून पाहिले. "असं म्हणालो मी? नाही बुवा आठवत. म्हणालो असेनही. तेव्हा सगळेच काहीबाही बोलायचे. न आठवणारी गोष्ट माणूस परत कशी घेणार, तूच सांग."

इतक्या वर्षांत गायकवाडांनी ज्याच्या उत्तराची तयारी केली नाही, असे हेच एक वाक्य निघाले.

"बरं, दाखव तरी," करंदीकरांनी चष्मा लावला. "कोरडा आहे. यात काय दिसणार?"

दगड ओला केल्यावाचून त्यातले खनिज उठून दिसत नाही, आणि रानात पाणी जपून वापरायचे असते. म्हणून या धंद्यातला प्रत्येकजण दगडाला जीभ लावतो. तळावर सगळेच लावत, करंदीकरही. स्वतः फोडलेल्या दगडाला लावत. गायकवाडांनी पाहून पुढे केलेल्या दगडावर मात्र ते आपल्या बाटलीतले पाणी ओतत, बोटांनी चोळत आणि मगच निरखत. साहेब फार काटेकोर, असे माणसे कौतुकाने म्हणत. गायकवाड काहीच म्हणत नसत.

त्यांनी दगड उचलला, त्यावर लांबवर जीभ फिरवली आणि हात पुढे केला. राखी गारगोटीत पितळी ठिपके लखलखले.

"बघा, सर."

करंदीकरांचा हात उठला. तो दगडापाशी आला, दगडावरून पुढे गेला आणि तांब्यावर पडला. त्यांनी तांब्या तिरपा केला. थेंबही पडला नाही.

"श्यामला," नजर दगडावरून न काढता त्यांनी हाक मारली, "जरा पाणी आण गं."

गायकवाडांनी दगड पिशवीत ठेवला, बंद आवळले आणि ते उभे राहिले. श्यामलाबाई कळशी घेऊन दारात आल्या होत्या.

"राहू द्या, वहिनी," ते म्हणाले. "सरांना आठवतंय सगळं."