काळी चार

"पडदा उघडला की आधी तुमच्या जुन्या रेकॉर्डची पहिली ओळ वाजेल आणि तिचं शेपूट धरून तुम्ही गात आत यायचं. काय टाळ्या पडतील, ताई!" संयोजक म्हणाला आणि मास्तरांनी चमकून आपल्या की-बोर्डकडे पाहिलं.

ताई खूश झाल्या. चाळीस वर्षांपूर्वी याच गाण्याने त्यांना घरोघरी पोचवलं होतं. साथीला तेव्हापासून मास्तरच. आधी पेटीवर, मग की-बोर्डवर. गाण्याआधी ताई पट्टी तीच आहे ना, म्हणून त्यांच्या बोटांवर नजर टाकत. "काळी चारच ना?" "हो, ताई." बोटं काळी चारवरच असत, त्यात खोट नव्हती. खोट होती एका बटणात. ते दाबलं की बोटं जागच्या जागी राहतात आणि सूर तेवढा खाली उतरतो. तीन वर्षांपूर्वी ताईंच्या घशाचं ऑपरेशन झालं, वरचा सूर काही परत आला नाही आणि मास्तरांनी चकार शब्द न काढता गाणं एक पट्टी खाली, काळी तीनमध्ये आणलं. बटणाशेजारच्या आकड्यावर चिकटपट्टी लावली. बासरीवाल्याने निमूट दुसरी बासरी घेतली. ताई मात्र भेटेल त्याला सांगत, "आवाज होता तस्सा आहे, बरं का!" ते ऐकून मास्तरांना बरंही वाटे आणि चोरट्यासारखंही.

आज रेकॉर्ड काळी चारमध्येच वाजणार होती आणि ताईंना तिथूनच सूर उचलावा लागणार होता.

त्यांनी साउंडवाल्याला गाठलं. "रेकॉर्ड जरा खाली आणता येईल?"

"येईल की. पण आवाज घोगरा होईल. लोकांना पाठ आहे ती, मास्तर. लगेच ओळखतील."

दहा मिनिटं उरली होती. मास्तर मेकअपच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

ताईंचा हात कानातल्यापाशीच थांबला. "सगळ्यांना ठाऊक होतं?"

मास्तरांची मान खाली गेली.

"म्हणजे मी मिरवत होते आणि तुम्ही सगळे मला सांभाळून घेत होतात." "ते बटण बंद करा. मी म्हणेन."

"ताई, अंतऱ्यातली ती वरची ओळ..."

"मास्तर, बंद करा म्हटलं ना!"

पडदा उघडला. रेकॉर्डची ओळ संपली आणि ताईंनी ती बिनचूक उचलली. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मुखडा निभावला. अंतरा आला तशी मास्तरांची नजर बटणाकडे गेली. बटण वीतभर अंतरावर होतं, पण मध्येच दाबलं तर सभागृहाला कळणार. ताईंनी श्वास घेतला, वरच्या ओळीला हात घातला आणि सूर चिरकला.

त्यांनी हात वर केला. वाद्यं थांबली.

"हा सूर आता माझ्याकडे नाही," ताई माइकवर म्हणाल्या. "जाऊन तीन वर्षं झाली. मला आज कळलं." कोणीतरी हसलं, मग तेही गप्प झालं. "खालच्या पट्टीत म्हणते." त्या वळल्या. "मास्तर, काळी तीन द्या. बटण नको."

मास्तरांची बोटं काळी तीनवर गेली. चाळीस वर्षांत हे गाणं तिथून कधी वाजवलंच नव्हतं. पहिला सूर चुकला. दुसराही.

भरल्या सभागृहासमोर ताई त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि माइक खाली केला.

"सावकाश," त्या म्हणाल्या. "मी थांबते."