ताऱ्यानं न जाळलेला पुंजणा

आमचा धानाचा पुंजणा तारा पडून जळला, असं अख्खं गाव म्हणतं. मी म्हणत नाही. चिमूरच्या शाळेत वक्तृत्वात पहिली आल्यापासून आई मला रेडिओच म्हणते, आणि रेडिओ काही गप्प बसत नाही.

तारा पडला हे खरं. दिवस मावळताना तलावावरून हिरवट उजेड सर्रकन गेला, वरच्या वरच विझला आणि मग आभाळ गडगडलं. यंदा हॅलेचा धूमकेतू येणार म्हणून सर वर्षभर आकाशच शिकवत होते. मी तर अंगणात नाचलेच. तेवढ्यात शेताकडून धूर दिसला. कापून, बांधून, चुरण्यासाठी, म्हणजे मळणीसाठी, रचलेलं सगळं धान. आम्ही पोचेपर्यंत नुसता काळा ढीग.

आमच्याकडे कुणावर राग काढायचा तर त्याचा पुंजणा पेटवतात. आणि राग होताच. आमच्या पाळीचं तलावाचं पाणी बापूराव पाटलांनी स्वतःच्या धानाच्या बांध्यांत वळवलं, तेव्हा बाबांनी चारचौघांत त्यांना अडवलं होतं. बौद्धवाड्यातल्या माणसानं असं बोलणं गावाला नवीन होतं.

सकाळी पोलीस जमादार आले. बापूरावांनी त्यांच्यासाठी खाट टाकायला लावली, चहा मागवला आणि सांगून टाकलं की यात कुणाचा दोष नाही, वरून आलेली गोष्ट आहे. त्यांचा गडी लटारू यानं राखेतून एक काळा गोटाही काढून दाखवला. जमादारांनी बाबांना विचारलं, कुणावर संशय आहे का. बाबांच्या आधी मीच पुढे झाले.

म्हटलं, तलावात जोरानं गोटा मारून पाहा. पाण्यात शिरला की त्याचा जोर मरतो, मग तो नुसता बुडत जातो. तारा म्हणजे असाच दगड. इतक्या वेगानं येतो की पुढची हवा दाबली जाऊन तापते, दगडाची साल वितळून उडते. आपल्याला दिसतो तो हाच उजेड. पण तीच हवा त्याला अडवते. जमिनीपासून कितीतरी उंच असतानाच तो मंदावतो, विझतो, आणि उरलेली वाट झाडावरच्या कवठासारखा पडत येतो. तोवर निवलेला असतो. त्यानं तणसाची काडी पेटत नाही.

लटारू म्हणाला, "पोरगी ताऱ्यावर बसून आली वाटते." दोघंतिघं हसले.

बापूराव हसले नाहीत. बाबांना म्हणाले, "हुशार हाय तुही पोरगी, लहानू. बसनं एकटीच जाते न चिमूरले?" मग माझ्याकडे वळले. "तारा नाई, त कोनं जाळला? सांग बाई."

मी तोंड उघडलं. बाबांनी माझा दंड धरला.

"ताराच पडला जी," ते म्हणाले.

जमादारांनी तसंच लिहून घेतलं. दुपारपर्यंत त्या गोट्याला शेंदूर लागला आणि तो आमच्या शेताच्या पाटाच्या तोंडावर बसला. देवावरून पाणी न्यायचं नाही, असं बापूरावांनी ठरवलं.

घरी मी बाबांशी भांडले. खोटं काऊन बोलले, घासलेटचा वास नाही आला का, म्हणून. ते पायांवरची राख धूत होते.

"घासलेटचा वास मलेई आला होता," ते म्हणाले. "तू शाळा सोडू नोको."

मी सोडली नाही. सकाळी बसथांब्यावर लटारू उभा असतो, बिडी ओढत. मी त्याच्या डोळ्यांत बघत बसमध्ये चढते. तो बिडीची राख झटकतो आणि हसतो.