प्लगातली फट आणि क्षमाचं कार्ड

शिरगावच्या लईराई देवीची शपथ, गळ्याची शपथ, माझ्या उरलेल्या चार दातांची शपथ! यातला शब्दन् शब्द खरा आहे. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं आत्ताच उठावं, आणि जाताना बशीतली भजी इथंच ठेवावी.

सत्त्याऐंशी सालचा मे महिना. गोवा घटकराज्य व्हायला चार दिवस उरले होते. आम्ही सुर्ल्याला राहायचो. माझ्या लेकीला, क्षमाला, डिचोलीच्या एका शाळेतून मास्तरणीच्या मुलाखतीचं कार्ड आलेलं. सकाळी अकराला या, कार्ड दाखवल्याशिवाय आत घेणार नाही. तिच्या बापानं बजावून ठेवलं होतं, ही नोकरी हुकली तर पेडण्याच्या त्या मिशीवाल्याला होकार कळवतो. क्षमाला ती मिशी आवडत नव्हती, आणि मिशीमागचा माणूस तर त्याहून नाही.

गाडी होती आमच्याकडे, पोर्तुगीजांच्या वेळची मॉरिस. माझा भाऊ महादेव, त्यानं कुवेतहून तिच्यासाठी इलेक्ट्रॉनिक इग्निशनची पेटी आणली. ठिणगी पाडणारे जुने पॉइंट काढले, पेटी बसवली. आता ठिणगी जोरकस पडणार, म्हणून प्लगच्या टोकांमधली फट थोडी वाढवायची, असं सोबतच्या कागदावर होतं. आमच्या धाकूकडे, म्हणजे माझ्या घोवाकडे, क्षमाच्या बापाकडे, फट मोजायचं माप एकच. हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा. तो फटीत जेमतेम सरकला की झालं. नव्या पेटीसाठी धाकूनं दोन ब्लेडं दोऱ्यानं एकत्र बांधली आणि चारही प्लग त्या मापानं रुंद केले. हे भलतंच झालं, पण त्याला सांगणार कोण?

मुलाखतीच्या सकाळी आम्ही तिघं निघालो. सपाटीवर गाडी अशी सुटली की पाववाल्या पदेराच्या पाटीतले पाव वाऱ्यानं उडाले, ते संध्याकाळी दुसऱ्या गावात सापडले. आणि खाणीच्या चढावर आली तशी खोकायला लागली. फट्, फट्, आणि थांबली.

डावीकडे लाल मातीची दरड. उजवीकडे उतरणारा रिकामा ट्रक, मागून घुसलेला भरलेला ट्रक, दोघं एकमेकांत अडकलेले. दोन्ही दारं उघडेनात. काच खाली केली तर धूळ, वर केली तर भट्टी. क्षमाची इस्त्रीची साडी अंगाला चिकटली. सव्वादहा वाजलेले. धाकू स्टार्टर मारायचा, इंजिन पेटायचं, गिअर टाकला की मरायचं.

"काय झाला तिका?" मी विचारलं.

"फट जास्त झाली माझ्याकडसून. चढावार जोर लागता आणि ठिणगी पलीकडे पोचना."

"मगे ब्लेडां खंय आसत?"

"घराक. जनेलार." म्हणजे घरच्या खिडकीत.

मागचा ट्रकवाला बाबली ओरडला, "अगे काकी, राज्य चार दिसांनी मेळटा, तेच्या आदीं वाट तरी दी!"

"राज्याक पंचवीस वर्सां लागली रे, माका पाच मिनटां दी!"

वर्षभर भाषेवरून भांडणारं अख्खं गोंय त्या चढावर एकाच सुरात आम्हाला शिव्या देत होतं.

धाकू खिडकीतून निघायला गेला. डोकं बाहेर, पोट आत. मग मी निघाले. तेव्हा मी कढीपत्त्याची काडी होते. दरडीवरून घसरत बॉनेटपाशी आले, प्लग खोलले. गरम प्लग पदरात धरले.

"मापाक काय घेऊ?"

"पोस्टकार्डाची तिहेरी घडी घे," धाकू आतून म्हणाला. "ब्लेडापेक्षा इल्लीशी जाड."

गाडीत कार्ड एकच होतं. क्षमानं ते छातीशी धरलं.

"आई, ह्याच्याशिवाय शिपाई मला आत घ्यायचा नाही."

"आणि गाडीशिवाय शिपायापर्यंत तुका कोण न्हेतला?"

तिनं दरडीकडे बघितलं, ट्रककडे बघितलं, बापाच्या पोटाकडे बघितलं. मग कार्डाची पट्टी फाडली. नेमकी जिथं तिचं नाव होतं ती.

"घे. नाव मला पाठ आहे," म्हणाली.

पट्टीची तिहेरी घडी घालून मी फटीत धरली, पान्यानं वरचं टोक हळूच ठोकलं. कार्ड घट्ट सरकेपर्यंत. एक, दोन, तीन, चार. प्लग बसवले, धाकूनं स्टार्टर मारला, आणि म्हातारी मॉरिस चढ चढून गेली. मागं सगळे ट्रक भोंगे वाजवत सुटले.

अकराला तीन मिनिटं कमी होती. शिपायानं अडवलं, कार्डावर नाव नव्हतं. क्षमानं काळीकुट्ट पट्टी उलगडून कडेला लावली. फाटलेली कड कडेला जुळली. आत मुख्याध्यापकांनी विचारलं, हे काय? तर तिनं खडू घेऊन फळ्यावर प्लग काढला आणि त्या सगळ्यांना फट शिकवली. तिसऱ्या दिवशी नोकरीचं पत्र आलं. मिशीला नकार गेला.

आता लईराई बघते आहे, म्हणून एक कबूल करते. दोन ब्लेडांचं काम धाकूचं नव्हतं. त्यानं आदल्या दिवशी फट बरोब्बर लावली होती. सकाळी तो आंघोळीला गेला, तेव्हा पोर लवकर पोचावी म्हणून मीच ब्लेडं बांधली आणि प्लग रुंद केले. माझ्या केसांच्या लाल दोऱ्यानं. निघताना धाकूनं ती जनेलावर बघितली होती, अर्थ त्याला चढावर लागला. तरी पोरीसमोर म्हणाला, माझ्याकडसून झाली. मरेपर्यंत तेच म्हणत राहिला.

तेवढंच खोटं. पाव मात्र खरंच उडाले होते.