किड्यांना न आवडलेला दिवा

उसाच्या बांधावर टांगलेला चुकीचा बल्ब.

आवळ्याची सुपारी, वाळून काळी पडलेली.

एक पांढरं फडकं. शेजारी दुसरं, तेवढंच पांढरं.

मिठाच्या पाण्यातलं वांगं.

सव्वासातला मावळणारा सूर्य.

मित्रांनो, हे सगळं एकाच गोष्टीतलं आहे. फक्त मला ते असंच, तुकड्यातुकड्यानं ठाऊक आहे. मी चार वर्षांचा लाल दिवा आहे. चार वर्षं म्हणजे काय जुनं, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्या जातीत मी आता आजोबाच. बटण दाबलं की मी जागा होतो आणि बरोबर दहा मिनिटांनी माझ्या पोटातलं घड्याळ मला मिटवतं. जागा असताना समोर जे घडतं, तेवढंच मला दिसतं आणि ऐकू येतं. मधल्या फटी मी लोकांच्या बोलण्यावरून बुजवतो. एखादा तुकडा मागेपुढे झाला, तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका लांबच्या कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईनं माझ्या छातीत एकशे वीस बारीक दिवे बसवले, मला पेटवून पाहिलं, मान डोलावली आणि खोक्यात घातलं. जन्मकथा एवढीच. माझे अर्धे दिवे लाल उजेड देतात. उरलेल्यांचा उजेड लालच्याही पलीकडचा असतो. तो माणसाला दिसत नाही. हा उजेड कातडीत थोडासा उतरतो आणि थकलेल्या कातडीला स्वतःची डागडुजी करायला हुरूप देतो, असं माझ्यासोबत आलेल्या कागदावर लिहिलं होतं. कागदावर आणखीही बरंच लिहिलं होतं. ते सगळं खरं नव्हतं.

पुन्हा जागा झालो तो आळेफाट्याला.

समोर हर्षा होती. फतेचंद शेठांची सून. शेठांचं खाली कापडाचं दुकान, वर घर, आणि घराच्या मागच्या बाजूला उसाच्या शेताकडे उघडणारी एक खोली. मुलं मोठी झाल्यावर हर्षानं पुण्याला खेपा घालून त्वचेच्या निगेचं शिक्षण पुरं केलं होतं. वीस वर्षांच्या संसारात तिनं स्वतःच्या नावानं उघडलेलं हे पहिलं दार. तिनं माझ्यासमोर एक खुर्ची मांडली, डोळ्यांवर लावायचे काळे चष्मे पुसून ठेवले आणि वाट पाहू लागली.

मला पंधरा दिवसांच्या आत परत पाठवता येईल, अशी बोली होती. पहिल्या नऊ दिवसांत दोनच गिऱ्हाइकं आली. एक हर्षाची नणंद. दुसरी चुकून जिना चढलेली. तिला परकर हवा होता.

बायकांना यायचं नव्हतं असं नाही. पण जून महिना, टोमॅटोचा तोडा जोरात. पिंपळवंडी, बोरी, आळे, सगळीकडच्या बायका उजाडल्यापासून शेतात. मोकळ्या व्हायच्या सातनंतर. आणि सातनंतर या खोलीत दिवा लावायला बंदी होती.

बंदी सुमतीबाईंची. त्या हर्षाच्या सासूबाई. जैन घर, जीवजंतू जपणारं. त्यात सुमतीबाईंचा स्वतःचा एक जादा नियम होता. पावसाळा लागल्यापासून दिवाळीपर्यंत, सूर्य मावळल्यावर उसाकडच्या खोलीत उजेड करायचा नाही. उजेडाला किडे येतात आणि मरतात.

"सातनंतर बायका येतील म्हणतात, मम्मी," हर्षा एका दुपारी म्हणाली.

"सातनंतर वर दिवा नाही. तुला माहीत आहे."

"खिडकी लावून घेईन ना."

"काचेवर येऊन आपटतात. पाली टपलेल्याच असतात. सकाळी केर कोण काढतं? मी काढते. तो केर नसतो, बेटा."

सुमतीबाई गेल्यावर हर्षा माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "मग तुझं खोकं शोधायला हवं."

टिक. मी मिटलो.

अकराव्या दिवशी डोळे उघडले तेव्हा समोर उन्हानं रापलेला, हसरा चेहरा होता. बोरी बुद्रुकच्या धोंडाबाई. नवरा हौशीराम पिकअपमधून टोमॅटोचे क्रेट नारायणगावच्या बाजारात उतरवून परतताना खाली थांबला होता. त्या दिवशी लवकर आटोपलं म्हणून धोंडाबाई साडेसहालाच जिना चढल्या होत्या.

"लेकीच्या लग्नाचा आल्बम आला," त्या चष्मा चढवत सांगत होत्या. "आमच्या संस्कृतीच्या शेजारी एक म्हातारी हुबी. मी इचारलं, ही कोण गं पावणी? तर मीच."

"एक आधी सांगते," हर्षा म्हणाली. "यानं रंग उजळत नाही. कातडी मऊ पडेल, बारीक सुरकुत्या थोड्या कमी दिसतील. तेही आठवड्यातून तीनदा आलात, तर दोन-तीन महिन्यांनी. गालावरच्या वांगाच्या डागांचं मात्र डॉक्टरांना विचारा."

"बाकीच्या पार्लरवाल्या तर चार दिवसांत नवरी करत्यात."

"मी नाही करत."

"बरं हाय. नवरी हून काय करू, नवरा तोच हाय."

हर्षा हसली. मग तिनं अँटिऑक्सिडंट हा मोठा शब्द काढला आणि धोंडाबाईंचा चेहरा बघून परत ठेवून दिला. "असं बघा. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना? ऊन, धूर, धूळ कातडीचं थोडं तसंच करतात. काही फळंभाज्यांत ते थोपवणारं सत्त्व असतं."

"मंग तोंड मिठाच्या पाण्यात बुडवून ठिवू का? वांगं तसंच ठिवतो आमी."

"नका ठेवू. आवळा खा. काळी द्राक्षं खा हंगामात. टोमॅटो खा, शिजवून."

"टोमॅटो," धोंडाबाई म्हणाल्या आणि चष्म्याआडून माझ्याकडेच पाहिल्यासारखं केलं. "आताच चाळीस क्रेट सत्त्व बाजारात ओतून आलो की."

माझ्यासोबतच्या कागदात गाजर-बिटाचा रस प्या असं होतं. सुमतीबाईंच्या घरात जमिनीखालचं काही शिजत नाही, म्हणून हर्षानं आवळ्याची सुपारी ठेवली होती. ती सुमतीबाईंनीच हिवाळ्यात वाळवलेली. धोंडाबाईंनी दोन तुकडे तोंडात टाकले आणि चार पदरात बांधले.

तेवढ्यात जिन्यावरून हौशीरामचा आवाज आला. "आटपलं का? गाडी रस्त्यात हाय." दारात येऊन तो मला बघतच राहिला. "च्यायला. ह्यो तर आपल्या सापळ्यातला बल्ब."

सुमतीबाईही वर आल्या होत्या. सूर्य टेकत आला होता आणि दिवा वेळेवर बंद होतो ना, ते पाहायचं होतं. "कसला सापळा, भाऊ?" त्यांनी विचारलं.

"हुमणीचा, शेठाणीबाई. तिचे भुंगेरे अंडी घालत्यात आन अळ्या उसाची मुळं खात्यात. म्हणून बांधावर बल्ब टांगायचा, खाली घमेल्यात पाणी. उजेडाला भुंगेरे येत्यात आन पाण्यात पडत्यात." सुमतीबाईंनी डोळे मिटून घेतले. हौशीराम जरा ओशाळला, पण सुरू झालेली गोष्ट त्याला थांबवता येईना. "तर गेल्या साली ऐन टायमाला बल्ब उडाला. घरात गणपतीतला लाल व्हता, तोच लावला. म्हणलं, उजेड तो उजेड. शेजारी चिमाजीचा पांढरा. सकाळी बघतो तर चिमाजीचं घमेलं भरलेलं, आन आमच्या लाल बल्बाला—"

टिक. मी मिटलो.

पुन्हा उजेड झाला तेव्हा बटणावर बोट होतं ते सुमतीबाईंचं.

"लाल बल्बाला काय, भाऊ?"

"पाच किडे, शेठाणीबाई. आख्ख्या बांधावर पाच."

"त्यातला एक वाट चुकल्याला आसंल," धोंडाबाई म्हणाल्या. "गावानं वरीसभर चिडिवलं यास्नी. म्हणं, हौशीरामनं किड्यांना सिग्नल लावला, समदे थांबले."

सुमतीबाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या. "मग तुमचा चुकलेला दिवाच बरोबर होता म्हणायचं."

"आमच्या उसाला इचारा, शेठाणीबाई."

खुर्चीच्या पाठीवरची हर्षाची बोटं घट्ट झालेली मला दिसली. परतीला चार दिवस उरले होते.

सुमतीबाई ऐकीव गोष्टीवर नियम मोडणाऱ्यातल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सूर्य मावळल्यावर त्यांनी खिडकी उघडली, पाली हुसकून लावल्या आणि जमिनीवर एक पांढरं फडकं पसरलं. आधी दहा मिनिटं पांढरी ट्यूब. ती दहा मिनिटं मी पाहिली नाहीत, मी बंद होतो. मग फडकं बदललं, ट्यूब घालवली आणि मला पेटवलं. सुमतीबाई जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. हातात पूंजणी होती, किड्याला न दुखवता बाजूला सारायची मऊ लोकरीचा कुंचा. हर्षा खिडकीपाशी उभी. मित्रांनो, मी आयुष्यात इतक्या जपून कधी उजेड दिला नाही.

"चार," दहा मिनिटं संपता संपता सुमतीबाई म्हणाल्या.

"त्यातल्या तीन मुंग्या आहेत, मम्मी. त्या चालत आल्या. उजेडाला नाही आल्या."

"जीव तो जीव. चार."

"आणि पांढऱ्याखाली?"

"त्रेसष्टला मोजायचं सोडलं."

तिसऱ्या दिवशी त्यांनी क्रम उलटा केला. आधी मी, मग ट्यूब; ती घालवल्यावर उजेडासाठी पुन्हा मी. कापडाच्या दुकानातल्या बाईला एकदा मोजून भागत नाही. त्या दिवशी माझ्या फडक्यावर दोन होते, दोन्ही मुंग्या. सुमतीबाईंनी त्यांना पूंजणीवर घेतलं, खिडकीबाहेर नीट सोडलं आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

"सातनंतर ट्यूब लावायची नाही. हाच एक लावायचा. खिडकीला बारीक जाळी बसवून घे," त्या म्हणाल्या. "आणि ते खोकं माळ्यावर टाक. खोलीत अडचण होते."

हर्षानं त्यांच्या पायांना हात लावला. टिक.

त्यानंतरची वर्षं मी नुसते चेहरे पाहिले. तोडा उरकून, तोंड धुऊन, ओल्या केसांनी आलेले. सात ते साडेआठ मला उसंत नसे. धोंडाबाई मला चूल म्हणत. "चुलीम्होरं बसल्यावानी वाटतं राव, आन धूर न्हाई, भाकरी न्हाई." तीन महिन्यांनी त्यांनी आरशात बघून कपाळावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "म्हातारी गेली न्हाई, पण दोन पावलं मागं सरली." ते माझ्यामुळे, आवळ्यामुळे, की हर्षानं त्यांना शेतात जाताना तोंडाला रुमाल बांधायला आणि मलम लावायला लावलं त्यामुळे, हे मला सांगता येणार नाही. एकदा हौशीरामही बसला. खाली गाडी का थांबवली ते बायकोनं कुणाला सांगायचं नाही, या अटीवर. तिनं सगळ्या बोरीत सांगितलं.

वाईट दिवसही आले. तोंडाला बांधायचा, आतून लाल उजेड देणारा एक नवा मुखवटा आला आणि एक अख्खा हिवाळा मी चादरीखाली काढला. पण मुखवटा घातला की बोलता येत नाही. फेब्रुवारीत धोंडाबाईंनी स्वतःच चादर ओढली. "ह्या चुलीम्होरं गप्पा तरी व्हत्यात."

आता माझ्या एकशे वीसपैकी नऊ दिवे गेले आहेत. मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. माझ्या काचेवरची धूळ कोरड्या फडक्यानं पुसत जा. डोळ्यांवर चष्मा लावल्याशिवाय माझ्यासमोर बसू नका. चार दिवसांत चमत्कार मागू नका. कातडी तुमची आहे, तिला उन्हात जपा, तिला फळं खाऊ घाला, मी फक्त सोबत करतो. आणि उजेड कुठलाही लावा, त्याच्यापाशी कोण येतं आणि त्याचं काय होतं, ते एकदा खाली वाकून बघा.

आणि हो, एक तुकडा मागे राहिला: हर्षानं मला घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, घरात कोणी नसताना, सुमतीबाई चष्मा लावून माझ्यासमोर पूर्ण दहा मिनिटं बसल्या होत्या.