बंद पडू देऊ नका

पाठच्या झाकणाचा चौथा स्क्रू सुटला तेव्हा कुठे चष्मेवाल्याने श्वास सोडला. तीस वर्षांपूर्वीच्या घड्याळांचे स्क्रू म्हणजे जुने सासरे; जोर केला की कायमचे अडून बसतात. त्याने चिमट्याने बॅटरी उचलली, नवी बसवली, रबरी कडीला ग्रीसचं बोट लावलं आणि घड्याळ उलटवून पाहिलं. आकडे कुळकुळीत काळे उमटले होते.

घड्याळ दादाचं. जाड, ठोकळ्यासारखं, दगडावर आपटलं तर दगडाचीच विचारपूस करावी लागेल असं. अशी दणकट डिजिटल घड्याळं जमवायचा चष्मेवाल्याला नाद होता. चष्म्यांच्या दुकानातल्या काउंटरखालच्या खणात चाळीस घड्याळं ओळीने मांडलेली होती. बायको त्या खणाला सवत म्हणायची. मधोमध एक कप्पा मात्र रिकामा होता. लाल रेघेचं हे मॉडेल कुठेच मिळत नव्हतं, आणि सात वर्षांपूर्वी दादा गेल्यावर ते वहिनीकडे मागायला त्याची जीभ रेटली नव्हती.

आज सकाळी वहिनी स्वतःच ते रुमालात गुंडाळून घेऊन आली होती.

"भाऊजी, आकडे पुसट व्हायला लागलेत. बंद पडू देऊ नका, एवढंच बघा."

"बंद पडेलच कसं? मी आहे ना."

आधीची बॅटरीही त्यानेच घातली होती, दादा जायच्या महिनाभर आधी. दहा वर्षं चालायची ती सातच चालली, याचं त्याला जरा नवल वाटलं होतं.

संध्याकाळी वहिनी न्यायला आली. त्याने काच पुसून घड्याळ पुढे केलं आणि आता सेकंदाचीही चूक सापडणार नाही, अशी फुशारकी मारली. वहिनीने वेळ पाहिलीच नाही. तिने खालचं बटण दाबलं, सराईतपणे, न बघता. मग बघितलं. मग पुन्हा दाबलं.

"इथे सगळी शून्यं का आहेत?"

"स्टॉपवॉच ते. बॅटरी काढली की शून्यावर येतं. चालूच राहिलं होतं, कुणाच्या तरी हातून दाबलं गेलं असणार. उगीच बॅटरी खात होतं."

"कुणाच्या तरी नाही," वहिनी म्हणाली. "ह्यांच्या."

चष्मेवाल्याचा हात काउंटरवर होता तिथेच राहिला.

"त्या दिवशी धावायला निघताना फाटकाशी दाबलं होतं. हॉस्पिटलातून पिशवीत परत आलं तेव्हा पळतच होतं. चोवीस तास झाले की पुन्हा पहिल्यापासून. रोज सकाळी एकदा बघायचे मी."

सकाळी ते पळते आकडे त्याने स्वतः पाहिले होते, आणि 'च्यक' करून झाकणाला हात घातला होता. बाहेरून दुसरी बॅटरी दोन तारांनी जोडायची आणि मग आतली काढायची. घड्याळाला पत्ताही लागत नाही, स्टॉपवॉच पळतच राहतं. दहा मिनिटांचं जास्तीचं काम, त्याला पाठ असलेलं. फक्त वहिनीला विचारायचं राहिलं होतं, कारण तिला घड्याळातलं काय कळतंय.

"मला माहीत असतं तर..."

"सांगितलं होतं की मी."

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"पुन्हा सुरू करून देतो," तो म्हणाला. त्याचा अंगठा बटणावर गेलाही होता.

"तुम्ही?"

त्याने अंगठा काढून घेतला. वहिनीने रिकाम्या रुमालाची चार पदरी घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि ती वळली.

"वहिनी, घड्याळ राहिलं."

"राहू द्या. तुमच्या खणात एक जागा आहे ना? आता ते नुसतं घड्याळच आहे."

ती पायऱ्या उतरून गेली. तिला कप्प्याचं कसं माहीत, हे विचारायची त्याची छाती झाली नाही. बऱ्याच वेळाने त्याने खण ओढला. दादा असताना आधीची बॅटरी घालताना घेतलेल्या मापाने, दादा गेला त्याच आठवड्यात, त्याने तो कप्पा कापला होता. घड्याळ त्यात चपखल बसलं.