नऊ वर्षं हजर

वकिलीच्या बावीस वर्षांत मी साहेबाच्या चारित्र्याचे दाखले खिशात घेऊन फिरणारे साक्षीदार पाहिले, सुनेला मारून स्वतःच चक्कर येऊन पडणाऱ्या सासवा पाहिल्या. पण ज्याची चौकशी करायची त्याच्याच हातून शाल-नारळ घ्यायची वेळ अकोल्यात आली.

मी अमरावतीहून सकाळच्या एसटीनं गेले होते. अकोल्यातल्या एका बियाणे कंपनीच्या महिला तक्रार समितीवर मी बाहेरची सदस्य. तक्रार होती व्यवस्थापक देवीदासरावांविरुद्ध, आणि स्वागतालाही तेच. आमच्याकडे सत्काराशिवाय बैठक सुरू होत नाही, मग ती कसलीही असो. मी शाल खुर्चीवर टाकली आणि अध्यक्षा कोण, असं विचारलं.

यास्मीन नावाची मुलगी उभी राहिली. मग तक्रारदार कोण, असं विचारलं. ती उभीच राहिली.

ऑफिसचे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, महादेवरावांनी उलगडा केला. अध्यक्ष बाईच हवी असा कायदा, आणि ऑफिसात येणारी बाई एकच, बियाण्याची उगवण तपासणारी यास्मीन. तिनं तक्रार लिहिली आणि नियमाप्रमाणे अध्यक्षांना, म्हणजे स्वतःलाच दिली. आवक नोंदवहीत मात्र ती चढेना.

"देनारी तीच, घेनारी तीच. मंग म्याडम, तक्रार गेली कुठं?" महादेवरावांनी अगदी मनापासून विचारलं.

देवीदासराव नखं न्याहाळत होते. तक्रार तीन महिन्यांत दाखल व्हावी लागते, आणि आज शेवटचा दिवस. परतवाड्याच्या गोदामात दार लावून त्यांनी यास्मीनचा हात धरला होता. ती सुटून पळाली, तर तिची बदली त्याच गोदामात केली. आज तक्रार चढली नाही तर सोमवारी तिला तिथं हजर व्हायचं होतं. मला असा संताप आला की नारळ तिथंच फोडावासा वाटला.

राग आला की मी कागद मागते, ही माझी जुनी खोड. हजेरीपट मागवला. यास्मीनच्या वर आणखी एक बाई होती. सौ. गीतांजली, वरिष्ठ अधीक्षक. ह्या कोण, असं विचारल्यावर देवीदासराव घाईनं म्हणाले, रजेवर आहेत. महादेवरावांना ते सहन झालं नाही.

"साहेब, नऊ वर्षांत बाईसाहेबांची एक बी रजा नाही. मीच तं रोज हजेरी लावून राहिलो."

ती साहेबांची बायको. तिनं ऑफिसची पायरीही पाहिली नव्हती, पगार तेवढा घरी जायचा. आता ती कर्मचारी नाही म्हणावं तर साहेब चोर, आणि आहे म्हणावं तर सर्वांत वरिष्ठ बाई म्हणून अध्यक्षपद तिचं. बोलवा, मी म्हटलं. देवीदासरावांनी जरा विचार केला आणि त्यांचा चेहरा खुलला. घरचंच माणूस. त्यांनी स्वतः फोन लावला. नवऱ्याची चौकशी बायकोनं करणं कायद्यात बसत नाही, हे मला ठाऊक होतं. पण चौकशी पुढची गोष्ट, मला आज फक्त तक्रार मिळाल्याची एक सही हवी होती.

गीतांजलीबाई ऑटोनं आल्या. बोटांना कणीक तशीच होती. प्रथेप्रमाणे देवीदासरावांनी त्यांनाही शाल पांघरली, नारळ दिला, फोटो काढवून घेतला. मग बाई एकेका ओळीवर बोट ठेवून तक्रार वाचू लागल्या. बोट तारखेवर थांबलं.

"या दिवशी तं तुमी रिद्धपूरले दर्शनाले जातो म्हनून गेल्ते," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मी उपास धरला होता."

देवीदासराव हळूच म्हणाले, घरी बोलू.

"घरी तुमी बोलत नाही. हात चालवता."

बाईंनी अध्यक्ष म्हणून सही केली. महादेवरावांनी शिक्का मारला, आणि सकाळपासून उभी असलेली यास्मीन पहिल्यांदा खुर्चीवर बसली.

बाई मात्र उठेनात. "बाबू, मी नऊ वर्षं हजर आहो ना?"

"हो जी. रोज."

"मंग एक कोरा कागद द्या. माही बी तक्रार हाये."

घरच्या मारहाणीला कायदा वेगळा, कोर्ट वेगळं, हे मी सांगणारच होते. पण महादेवराव आधीच गोंधळून म्हणाले की अध्यक्ष स्वतःलाच तक्रार कशी देणार. यास्मीननं नोंदवही आपल्यापुढे ओढली आणि पेनाचं टोपण काढलं.

"माझ्याकडे द्या, भाभी."

देणारी वेगळी, घेणारी वेगळी. महादेवरावांची काहीच हरकत नव्हती.